पडद्याची वजनं

"यंदा पहिलं बक्षीस आपलंच!" थोरलीने जाहीर केलं आणि बाबांची नाण्यांची पेटी जेवणाच्या टेबलावर अशा थाटात ठेवली, की जणू बक्षीस घरात आलंच आहे, आता फक्त पुसून ठेवायचं बाकी!

नाणेसंग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात बाबा जन्मभर दुसरे आले. पहिले यायचे दाताचे डॉक्टर. त्यांच्या पेटीत सोन्याची नाणी अशी ओळीने चमकायची, की वाटावं पेटी दात दाखवते आहे. बाबांकडे सगळं तांबं. काळपट, हिरवट, झिजलेलं. एकेक नाणं वर्षानुवर्षं मागे लागून मिळवलेलं. आता बाबा नव्हते. मंडळाच्या नियमाप्रमाणे गेलेल्या सभासदाची पेटी एकदाच मांडता येत होती. म्हणजे बाबांना पहिलं यायला ही शेवटची संधी.

"मग सोनं घाल, थोरले," आत्या म्हणाली. "दादाकडे होती ना पाच नाणी, आमच्या वडिलांनी दिलेली?"

"बाबांना ती चालायची नाहीत, आत्या. तसली कुठल्याही सराफाकडे मिळतात. ते म्हणायचे, दुकानातून आणता येतं त्याला संग्रह म्हणत नाहीत, बाजारहाट म्हणतात."

"म्हणून तर जन्मभर दुसरा आला! लोक काय तुमचं शेवाळलेलं तांबं बघायला येतात?"

थोरलीने विचार केला. एका पारड्यात बाबांचा शब्द, दुसऱ्यात बाबांचं बक्षीस. बक्षीस जड भरलं. तिने पेटीतल्या मखमलीत पाच सुबक खाचा केल्या, खाली वळणदार अक्षरात 'सोन्याची नाणी' अशी चिठ्ठी डकवली आणि मग नाणी आणायला उठली.

नाणी कुठेच नव्हती!

कपाट झालं, माळा झाला, बाबांचे बूट झाले. आत्याने पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि भुतासारखी पांढरी होऊन परत आली.

"विकली असतील," धाकटा भाऊ म्हणाला.

"कोणी? बाबांनी? त्यांनी कधी रद्दी तरी विकली का रे?"

प्रदर्शनाचा दिवस उजाडला तरी खाचा रिकाम्याच. चिठ्ठी काढावी, तर मखमल सोलून निघायला लागली. शेवटी तशीच पेटी उचलली. बरोबर बाबांचा निळा पडदा घेतला. उजेडाने तांब्याचा रंग बिघडतो, असं बाबांचं ठाम मत. म्हणून ते पेटीवर पडदा सोडायचे आणि बघणाऱ्याने तो उचलून आत डोकावायचं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी स्वतः बसून त्याच्या काठात चकत्या शिवल्या होत्या. निघता निघता आत्याने काठाला लोंबणारा एक धागा पाहिला.

"चारचौघांत न्यायचा आणि हे काय ध्यान!" म्हणत तिने तो कात्रीने कट्कन कापला.

सभागृहात डॉक्टरांनी डोकावून पाहिलं. "अरे वा! अदृश्य सोनं! वडिलांच्या पुढे गेलात की!"

थोरली कानापर्यंत लाल झाली. तेवढ्यात परीक्षक बाई भिंग घेऊन आल्या, आणि त्याच क्षणी कुणीतरी पंखा पूर्ण वेगात सोडला. सगळ्यांच्या चिठ्ठ्या कबुतरांसारख्या उडाल्या. बाबांचा पडदा तेवढा जागचा हलला नाही.

"काय सुंदर बसलाय हो!" म्हणत बाईंनी तो उचलला. काठ उसवला. टण्! टण्! टण्! पाच पिवळीजर्द नाणी फरशीवरून धावली, ती थेट डॉक्टरांच्या टेबलाखाली!

"माझी नाणी!" डॉक्टर ओरडले आणि भरल्या पोटाने जमिनीवर आडवे झाले. त्यांच्यामागे खजिनदार आडवे झाले, मग चहावाला. टेबलाखाली माणसांची नुसती दाटी झाली. डॉक्टर पाचही नाणी मुठीत घेऊन बाहेर आले, आपल्या पेटीपाशी गेले... पेटी भरलेली! एक खाच रिकामी नाही!

"मग ही कुणाची?"

"अहो, आमच्या दादाची!" आत्याने ती त्यांच्या मुठीतून सोडवून घेतली. "धागे लोंबतायत बघा अजून! घाल गं थोरले, घाल त्या खाचांत. पहिलं बक्षीस!"

परीक्षक बाई थांबल्या. "घालताय का? संग्रहात धरायची असतील, तर आत्ताच सांगा."

थोरलीने नाणी हातात घेतली. एकेकाला निळ्या दोऱ्याचे घट्ट, वेडेवाकडे वेढे होते. बाबांना सुईत दोरा ओवता यायचा नाही. तिलाच हाक मारायचे. हाही दोरा तिनेच ओवून दिला असणार.  तिने पर्समधून सुई काढली.

"नाही," ती म्हणाली. "ही संग्रहातली नाहीत. ही पडद्याची वजनं आहेत."

आत्याने कपाळावर हात मारला. परीक्षक बाईंनी मात्र चष्मा काढला. "म्हणजे या गृहस्थांनी तांबं जपायला सोनं पडद्यात शिवलं?"

"त्यांना दुसरं काही जड सापडलं नसेल," थोरली म्हणाली.

बाई इतक्या हसल्या, की भिंग पडलं. मग त्यांनी पडदा पुन्हा उचलला आणि एकेक तांब्याचं नाणं असं सावकाश बघितलं, की खजिनदारांचा चहा निवला. आणि निकाल लागला. पहिले : बाबा! टाळ्यांत सगळ्यात मोठा आवाज आत्याचा होता. "मी म्हटलंच होतं, सोनं नकोच!" ती शेजारणीला सांगत होती.

बक्षीस डॉक्टरांच्या हस्तेच होतं. यंदा ते त्यांनीच पुरस्कृत केलं होतं, बहुधा आपल्यालाच मिळेल या खात्रीने. थोरलीने घरी येऊन मखमली डबी उघडली.

आत होतं एक सोन्याचं नाणं. कुठल्याही सराफाकडे मिळणारं.

तिने सुईत दोरा ओवला. नाही तरी पडद्याची डावी बाजू जरा हलकीच होती.