बिबटरावांचा टर्बो

एका जंगलात, मुलांनो, एक बिबट्या होता आणि त्याला चार पाय होते. हे मुद्दाम सांगितलं, कारण त्याला स्वतःला त्याचा विसर पडला होता.

झालं असं, की बिबटरावांनी स्पोर्ट्स कार घेतली. रोटरी इंजिनची! या इंजिनात पिस्टन नसतो. पोटात समोशासारखा एक तिकोनी लोखंडी तुकडा गरगर फिरतो. गाडी छान पळायची. पण छान पळणाऱ्या गाडीवर समाधान मानायला बिबटराव काय अडाणी होते? त्यांना वरून टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून वेग वाढवणारा पंखा, बसवायचा होता. कोणता, एवढंच ठरत नव्हतं.

मग त्यांनी जाणकारांना विचारलं. जंगलात वेगाचे जाणकार कोण? अर्थात हरणं.

जांभळाखाली सभा भरली. अध्यक्ष चितळ म्हणाले, "साहेब, एकच मोठा टर्बो घ्या. त्याला जागं व्हायला जरा वेळ लागतो, पण जागा झाला की बघायला नको!"

"किती वेळ लागतो?"

"आम्हाला पुरेल इतका. म्हणजे, आपल्याला."

"काहीतरीच!" भेकर उसळलं. "दोन छोटे घ्या, साहेब. मोठ्या टर्बोने इंजिन भाजून निघेल."

वाद पेटला. गाडी यांच्यापैकी कुणाकडेच नव्हती, त्यामुळे मतं अगदी ठाम होती.

पाणवठ्यावर चितळाने भेकराला बाजूला घेतलं. "तू दोनावरच अडून राहा बरं का. एकमत झालं की आपण मेलो."

इकडे बिबटीण कावली होती. "अहो, पोरं उपाशी आहेत! रोज पन्नास हरणं समोर बसतात आणि तुम्ही त्यांना चहा पाजता?"

"अगं, अभ्यासू मंडळी आहेत. चर्चा अर्धवट सोडून त्यांना खायचं? बरं दिसतं का?"

पोरांच्या बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा कुठे बिबटरावांनी मोठा टर्बो बसवून घेतला. माळावर कळप चरत होता. त्यांनी गाडी सोडली. टर्बो झोपलेलाच. हरणं निवांत चघळत बाजूला झाली. मग टर्बो जागा झाला, गाडी किंचाळली, समोशाचे तिन्ही कोपरे जळाले आणि इंजिन जागच्या जागी बसलं. धूर मात्र झकास निघाला.

कळप बघायला जवळ आला. जरा जास्तच जवळ आला. बिबटराव दार उघडून खाली उतरले आणि हरणांचं चघळणं थांबलं. मधे एका झेपेचं अंतर होतं.

बिबटरावांनी कपाळावर हात मारला. "भेकरराव, तुम्ही सांगत होता हो! ते दोन छोटे कुठे मिळतील?"

चितळाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि सभा पुन्हा भरली.

बिबटीण पोरांना घेऊन माहेरी निघून गेली. तिथली मंडळी मागासलेली आहेत. अजून पायांनीच धावतात आणि दोन वेळ जेवतात. बिबटराव सध्या गवतावर आहेत. अंगाचं वजन घटलं की गाडी हलकी पळते, असं कळपाने एकमताने सांगितलंय.

तात्पर्य : सल्ला नेहमी जाणकारांचाच घ्यावा. बिबट्याने किती वेगाने धावावं, हे हरणांइतकं जिवापाड विचार करून दुसरं कोण सांगणार?