तात्यांची गाडी थांबते

दर दिवाळीच्या तोंडावर मंचर-जुन्नर रस्त्याला एक मिरवणूक दिसायची. पुढे एस.टी., आणि तिच्या धुरळ्यात, बरंच अंतर राखून, तात्यांची मोटार. मोटारीत तात्या एकटे. मागच्या सीटवर एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि फडक्यानं तोंड बांधलेली लोणच्याची बरणी. या सामानाची मालकीण, म्हणजे तात्यांची थोरली बहीण अक्का, पुढच्या एस.टी.त खिडकीशी बसलेली असायची. एस.टी. थांबली की मोटार थांबायची. निदान तसा प्रयत्न तरी करायची. कंडक्टर दारातून ओरडायचा, "तात्या, आमी सुटतोय बरं का! तुमी या मागनं निवांत!"

दारात मोटार असताना बहिणीला एस.टी.नं का आणता, असं मी नवीन असताना तात्यांना विचारलं होतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मास्तर, सामानाला भीती वाटत न्हाई."

मी तेव्हा जुन्नरच्या शाळेत मास्तर होतो आणि तात्यांच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. तात्या रस्तेखात्यातून ओव्हरसियर म्हणून पेन्शनीत निघालेले. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नाही. जिवाभावाच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी: मंचरची अक्का, आणि इंग्रज गेला तेव्हा एका निघालेल्या साहेबाकडून घेतलेली ही मोटार. दोघींचं आपसात पटत नव्हतं, हे तात्यांचं दुःख.

नोकरी सुटली तरी तात्यांची ओव्हरसियरकी सुटली नव्हती. "आधी कागदावर, मग जाग्यावर," हे त्यांचं पालुपद. साधा उंदराचा पिंजरा लावायचा तर त्यांनी स्वयंपाकघराचा नकाशा काढला, उंदराची वाट तांबड्या पेन्सिलीनं आखली आणि ती जिथे वळते तिथे पिंजरा मांडला. उंदरानं नकाशा पाहिलेला नसल्यामुळे तो पिठाच्या डब्यामागून येत-जात राहिला. तात्यांनी नकाशा बदलला नाही. "त्येचं चुकतंय," म्हणाले.

नकाशाला कागद लागायचा तो जुन्नरच्या कागदी मंडळींनी हातानं केलेला, जाडसर, पिवळट. गुळगुळीत कागदावर विचार घसरतो, असं त्यांचं मत होतं.

अक्का आणि मोटार यांचं का बिनसलं, ते मला हुसेनचाचांनी सांगितलं. चाचा म्हणजे शेजारच्या गल्लीतले कारागीर. स्टोव्ह, कुलपं, गॅसबत्त्या, बंदुकीचे घोडे, काय वाटेल ते दुरुस्त करायचे. सात-आठ वर्षांपूर्वी तात्या मोठ्या थाटात अक्काला मोटारीतून माहेरी आणत होते. कळंबला नदीकडे जो उतार लागतो तिथे त्यांनी ब्रेक दाबला आणि ब्रेकनं काही मनावर घेतलं नाही. मोटार रस्ता सोडून बाजरीत घुसली. तात्यांना खरचटलंही नाही. अक्काचं डावं मनगट मोडलं. ते पुढे हाडवैद्यानं बसवलं, पण जरा वाकडंच. अक्का रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "शिवा, तुझ्या गाडीत मी पुन्यांदा बसायची न्हाई."

तेव्हापासून ती एस.टी.नं आणि तिची ट्रंक मोटारीनं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर अक्काचं कार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. गुडघे धरलेत, एस.टी.ची पायरी आता चढवत नाही, तेव्हा या दिवाळीला येणं होत नाही. खाली एक ओळ होती: तुझ्या गाडीचं मला काही सांगू नकोस, ती ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी बसेन.

तात्यांनी ते कार्ड ओट्यावर उभ्यानंच वाचलं. मग घडी घालायला गेले. कार्डाची घडी होत नसते, तरी त्यांनी घातली. साठीच्या माणसाचं तोंड असं एकाएकी पोरकं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि चाचांना बोलावून ओसरीवर एक भलामोठा कागद पसरला. वर वळणदार अक्षरात 'ब्रेक दुरुस्ती, घरचे घरी'. घरचे घरी का, यालाही उत्तर तयार होतं. "पुण्याच्या गॅरेजात न्यायची तर वाटंत खेडचा घाट हाय. बिनब्रेकाची गाडी ब्रेक बसवाया घाटातनं न्यायची कशी?"

कागदावर मोटार वरून, खालून आणि दोन्ही कुशींवरून काढलेली होती. जे काढायचं ते निळ्या पेन्सिलीनं, जे सांभाळायचं ते तांबड्या. बाजूला दिवसवार कामं. पहिला दिवस: गाडीचे निरीक्षण, हात लावणे नाही. दुसरा दिवस: चाकांना धोंडे लावणे, धोंड्यांचे निरीक्षण. तिसऱ्या दिवसापर्यंत एकही नट ढिला व्हायचा नव्हता. कागदाच्या कडा काळवंडल्या होत्या आणि खाडाखोड वर्षानुवर्षांची होती. म्हणजे हा प्लॅन कालचा नव्हता. माणूस इतकी वर्षं तो नुसता करत बसला होता.

चाचांनी कागदाकडे पाहिलं आणि दाढी कुरवाळली. "तात्या, कागद लई झाला. आता पाना काढा."

पाना निघाला. मोटार ठोकळ्यांवर चढली, चाकं उतरली. चाकाच्या आत लोखंडी डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. ब्रेक दाबला की आतले दोन अर्धगोल त्या ड्रमला आतून दाबून धरतात. त्या अर्धगोलांवर खरखरीत पट्टे बसवलेले असतात, ते लायनर. आमचे लायनर झिजून जेवणाच्या पत्रावळीइतके पातळ झाले होते. नवे पुण्याहून एस.टी.च्या टपावरून आले. चाचांनी ते तांब्याच्या रिव्हेटांनी असे ठोकून बसवले की बघत राहावं. प्लॅनप्रमाणे प्रत्येक चाकाला एक माणूस नेमलेला होता. पुढची दोन तात्यांकडे, उजवं मागचं चाचांकडे. डावं मागचं माझ्याकडे.

आता मला स्वतःबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. मी बोरी बुद्रुकचा, शेतकऱ्याचा मुलगा. आमच्याकडे गाडीचं चाक करकरलं तर घराची अब्रू जाते. चाक म्हटलं की वंगण, हे मला बाराखडीच्या आधी आलेलं आहे. त्या दुपारी तात्या आणि चाचा जेवायला गेले होते. मी माझा ड्रम जागेवर सरकवून फिरवून पाहिला तर आतून खर्र खर्र आवाज. मला ते ऐकवेना. बाजारतळावर बैलगाड्या सुटलेल्या होत्या. एका ओळखीच्या गाडीवानाकडून एरंडेलाच्या वंगणाचं नळकांडं आणलं आणि दोन्ही लायनरना असा काही मुलामा चढवला की आमच्या वडिलांनी पाठ थोपटली असती. ड्रम लोण्यासारखा फिरू लागला. तात्या जेवून आले, त्यांनी चाक फिरवलं आणि म्हणाले, "वा मास्तर! तुमचं चाक एक नंबर."

दिवाळीला पाच दिवस राहिले होते. सकाळी गावाबाहेरच्या उतारावर चाचणी ठरली. मोटारीत तात्या आणि मी, उताराच्या पायथ्याशी चाचा निशाण घेऊन. मोटार उताराला लागली. चाचांनी निशाण पाडलं. तात्यांनी ब्रेक दाबला. तीन चाकांनी आज्ञा पाळली. माझं चाक मात्र मजेत फिरत राहिलं, त्यामुळे मोटार उजवीकडे अशी वळली, जणू तिला तिकडे कुणी हाक मारली. समोर बाजरीच्या वाळल्या सरमाडाची गंजी आली आणि आम्ही तीत अलगद शिरलो. पुढे बराच वेळ सगळं पिवळं होतं.

चाचांनी तिथेच डावं चाक उतरवलं, ड्रममध्ये बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "हे काय? एरंडेल?"

मी कबूल केलं. खोटं बोलायला कितीतरी मार्ग सुचत होते, पण तात्यांचं तोंड बघून धीर झाला नाही. सरमाडाच्या काड्या अंगावर तशाच घेऊन ते धोंड्यावर बसले होते. मी वाट पाहत होतो की आता तोफ सुटेल. पण ते हलक्या आवाजात बोलले.

"चूक तुमची न्हाई, मास्तर. वंगण नको, असं प्लॅनमंदी लिवायला पायजे व्हतं. मला वाटलं, ते समद्यांना ठावं असतंय." मग, "आज अक्का गाडीत न्हवती, ह्ये लई बरं झालं. लई बरं झालं बघा."

हेच ते तीन-चारदा म्हणाले. दर वेळी माझी मान आणखी खाली गेली.

सुदैवानं प्लॅनमध्ये 'जादा लायनर, एक चाक' असं एक कलम होतं. ज्या माणसाच्या कागदाला मी इतके दिवस हसत होतो, त्याच कागदानं मला वाचवलं. चाचांनी नवे लायनर ठोकले. मला शिक्षा म्हणून नव्हे, पण ड्रमपासून चार पावलं लांब बसवण्यात आलं. दुसऱ्या चाचणीला मोटार उतारावर चारी चाकांनी उभी राहिली. तात्यांनी ती अकरा वेळा उभी केली. अकराव्या वेळी चाचा म्हणाले, "आता बस करा राव, न्हाईतर हे पण झिजतील." माझा जीव भांड्यात पडला.

धनत्रयोदशीला सकाळी आम्ही मंचरला गेलो. चाकाखाली टाकायचा धोंडा मांडीवर घेऊन मी मागे बसलो होतो. तशी प्लॅनमध्ये नोंद होती. अक्का काठी टेकत दारात आली. बुटकी, काटक, डोळे तात्यांचेच. तिनं मोटारीकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या धोंड्याकडे पाहिलं.

"थांबती का रं?"

"थांबती, अक्का."

"दाव."

तात्या मोटार गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेले आणि वळवून आणून बरोबर तिच्या पायांपाशी उभी केली. अक्का तसूभर मागे सरली नाही. वाकडं मनगट दाराला लावून हळूहळू चढली आणि तात्यांच्या शेजारी बसली.

मग सुरू झालं ते प्रदर्शन. तात्या प्रत्येक मैलाच्या दगडाशी मोटार थांबवायचे. "बगितलंस?" अक्का म्हणायची, "बगितलं." पुढे चिंचेखाली. पुढे एका मोरीपाशी, काही कारण नसताना. मागून कांद्याचा ट्रक भोंगा वाजवून वैतागला. मग कळंबचा उतार आला. खाली नदी दिसत होती. अक्कानं डोळे मिटले आणि पदराचं टोक मुठीत धरलं. उताराच्या बरोबर मध्यावर तात्यांनी ब्रेक दाबला. मोटार उभी राहिली. काही म्हणता काही झालं नाही. नुसती उभी.

अक्कानं डोळे उघडले. रस्त्याकडेच्या बाजरीच्या धसकटांकडे ती जरा वेळ बघत राहिली. "थांबली गं बाई," असं स्वतःशीच म्हणाली. मग तात्यांकडे वळून, "आता चल की शिवा. हितं काय मुक्काम करायचाय?"

तात्या मोठ्यानं हसले. मी त्यांना असं हसताना आधी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं, धोंडा मी मघाशीच कुशीत आवळून धरला होता. तो खाली ठेवला.

नारायणगाव मागे पडलं आणि अक्काची मान कलली. गुडघ्यांच्या दुखण्यानं तिला रात्ररात्र झोप नसायची, हे तात्यांनी मला आधी सांगितलं होतं. आता ती तोंड थोडं उघडं ठेवून लहान पोरीसारखी झोपली होती. त्यानंतर मोटार एकाही मैलाच्या दगडाशी थांबली नाही.

आमच्या गल्लीचा रस्ता घराकडे किंचित चढाचा, शेवटी सपाट. तात्यांनी कोपऱ्यावरच इंजिन बंद केलं. मोटार उरलेल्या वेगाच्या ओढीनं वर चढत हळू होत गेली आणि दारापासून दहा हात अलीकडेच विसावली. चाचा आपल्या दुकानातून धावत आले, तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं तसे जागच्या जागी थबकले.

मी पुढे वाकून कानाशी विचारलं, "तात्या, अलीकडंच? ब्रेक लावला नाहीत?"

"हिसका बसतो, मास्तर," ते कुजबुजले. "झोपलीय ती."