हटवार गुरुजींची समुद्रापारची छावणी

स्वतःच्या शेतावर निघाले, की हटवार गुरुजी "परदेशी चाललो" असं सांगून निघतात. चेहरा अगदी गंभीर.

त्यात थोडं खरंही आहे. कारध्याजवळ गुरुजींच्या, होमराजच्या आणि माझ्या धानाच्या बांध्या लागून लागून आहेत. धरणाचं पाणी चढलं, मधला नाला तुंबला आणि आमची जमीन पलीकडे राहिली. आता जायचं ते डोंग्यानं. माणसांची ये-जा कमी झाली तशी रानडुकरं तिथे मुक्कामालाच आली. होमराजनं आणि मी तर जमीन पडीक टाकायचं ठरवलं होतं.

गुरुजींनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं. "इंग्रजानं सातासमुद्रापार वसाहती सांभाळल्या. तुमाले नाल्यापार एक सांभाळता येत नाही? तिथं छावणी पाहिजे."

"खर्च कोण करन, गुरुजी?" होमराजनं विचारलं.

"रसद पहिले, तोफ मंग." हे त्यांचं लाडकं वाक्य. लग्नाच्या पंगतीतही म्हणतात.

मचाणाचे बांबू होमराजनं द्यायचे, बडवायला पत्र्याचे डबे मी, म्हणजे मी तोफखाना. फौजेचं संध्याकाळचं जेवण गुरुजींकडे, त्यांच्याच हातचं. ते घरात एकटेच. पहारा कुणाचाही असो, जेवायला दोघांनीही यायचं, हा नियम मात्र कडक.

पहिल्याच मोहिमेत आम्ही डबे बडवत शत्रूला घेरलं. ती पोहत पलीकडे गेलेली माझीच म्हैस निघाली. गुरुजींनी तिला युद्धकैदी ठरवून डोंग्यामागे सन्मानानं परत आणलं. पण रोजच्या पहाऱ्यानं डुकरं खरोखरच हटली. दिवाळीनंतर धानाचे भारे डोंग्यातून अलीकडे यायला लागले, तेव्हा ते बघायला काठावर अर्धं गाव उभं होतं. मीही छाती काढून उभा होतो, खोटं कशाला बोलू.

"जितलो, गुरुजी," होमराज म्हणाला. "आता छावणी मोडू."

"काहून? शांततेतबी फौज ठेवा लागते."

"पलीकडं तं आता नुसती धसकटं हायेत. राखायचं काय?"

गुरुजींनी चष्मा काढून धोतरानं पुसला. "तुमची काकू गेल्यापासून मी चुलीपाशी उभ्यानंच दोन घास खात होतो. तुमी येऊन राहिले, म्हणून ताट मांडून बसलो."

एवढा मोठा सेनापती असं बोलला आणि मला गलबलून आलं. होमराज बांधलेल्या भाऱ्याची दोरी उगाच आवळत राहिला.

"ओल हाय अजून," तो शेवटी म्हणाला. "हरभरा टाकू पलीकडं. डुकरं हरभऱ्यालेबी येतेत."

गुरुजींनी चष्मा चढवला. "मंग वांग्याची भाजी करतो आज. वेळेवर येजा."

आम्ही वेळेवर गेलो, पण बायकापोरांना घेऊन. गुरुजींना भात दुसऱ्यांदा टाकावा लागला, आणि तो होईपर्यंत ते चुलीपाशी बसून, शिस्त मोडली म्हणून, सगळ्या फौजेला आनंदानं रागावत होते.