पेशींची पंगत

कोयनानगरचं लग्न उरकून शिवांजली सांगलीच्या प्रयोगशाळेत परतली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तिच्या अंगातलं सगळं लग्नच उतरलं.

हाडाच्या कर्करोगाच्या पेशी तिनं बशीतल्या खळग्यांत रांगेनं वाढवल्या होत्या. ठिसूळ हाडं बळकट करायचं औषध त्यांना मारतं का, एवढंच बघायचं होतं. मागच्या रांगांना औषध, पहिलीला काही नाही. पहिली जगली आणि मागच्या मेल्या, तरच औषधाचा गुण. इथं पहिलीसकट सगळं गाव ओसाड! आणि आजच साताऱ्याहून दीपमाला मॅडम येणार होत्या, प्रकल्प पुढं चालू ठेवायचा की गुंडाळायचा ते ठरवायला.

तिनं पेशींच्या खाद्यावर संशय घेतला आणि बाटलीच्या बाटली मोरीत ओतली. मग उबेच्या पेटीवर. पेटीत डोकं घातलेलं असतानाच मॅडम दारात उभ्या राहिल्या.

"काय शोधताय?"

"चूक, मॅडम."

चूक चहा घेऊन मागंच उभी होती. अमृत, प्रयोगशाळेचा मदतनीस. आटपाडीकडच्या जेवणावळींत वाढपी म्हणून त्याचं नाव. लग्नाला जाताना औषध घालायचं काम शिवांजलीनं त्याच्यावरच सोपवलं होतं.

"ताई, पयल्या रांगंला मी वाढलं हुतं."

"काय वाढलंस?"

"औषध. तुमी नगं म्हणला हुता, पर जीव ऱ्हाईना. मागची जेवत्यात अन् म्होरली रिकामी बसल्यात, आमच्यात न्हाई चालत."

"अरं, कर्करोग हाय त्यो. पाव्हणा न्हाई."

"पंगतीला बसल्याव पाव्हणाच की."

शिवांजलीला हसू येईना, रडू आवरेना. मॅडमनी मात्र ज्या बाटलीतून पेशी पेरल्या होत्या ती मागवली. आत पेशी आडसाली उसासारख्या माजलेल्या. म्हणजे खाद्य चांगलं, ऊबही चांगली. औषधानं काहीतरी केलंय खरं, मॅडम म्हणाल्या, पण पहिली रांग जिवंत दिसल्याशिवाय त्या मानणार नव्हत्या. प्रयोग पुन्हा करायचा, निकालावर प्रकल्प.

"आता मीच घालते औषध," शिवांजली म्हणाली.

"नको. यालाच वाढू द्या."

मॅडमनी दोन सारख्या बाटल्या भरल्या. एकीत औषध, दुसरीत ते ज्यात कालवतात ते नुसतं पाणी. एकीला तांबडा दोरा, दुसरीला हिरवा. कशात काय, ते त्यांच्यापाशीच राहिलं. पंगत मोडायची नाही आणि वाढप्याला कळायचंही नाही.

नवं खाद्य आलं, नव्या रांगा बसल्या. अमृतनं एकेक थेंब असा घातला, जणू तुपाची धार सोडतोय. कुणी सुटलं नाही.

निकालाच्या दिवशी शिवांजलीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तांबड्या दोऱ्याची रांग दाटीवाटीनं भरलेली. हिरव्याच्या रांगा उजाड माळ. तिनं लगेच साताऱ्याला फोन लावला.

"हिरव्यात औषध होतं," पलीकडून मॅडम म्हणाल्या. "प्रकल्प चालू ठेवा."

फोन ठेवून ती मटकन स्टुलावर बसली. अमृत काळजीनं जवळ आला.

"ताई, कुणी जेवल्याबिगर उठलं न्हाई नव्हं?"

"न्हाई रं," डोळे पुसत ती हसली. "तू वाढलंस आणि औषधाच्या रांगांत उठायला कुणी उरलंच न्हाई."