अध्यक्षपदास अपात्र

सोलापूरच्या कचेरीबाहेर लिंबाखाली माझ्या शेजारी बसणारे, माझ्यासारखेच अर्जनवीस सिद्रामअण्णा अर्ज लिहून घ्यायला आलेल्या माणसाला नावाच्याही आधी विचारत, "जल्मगाव कुटलं?" आणि उत्तर ऐकलं की निकाल देत, "पात्र!"

कशाला पात्र? तर स्वतंत्र हिंदुस्थानचा अध्यक्ष व्हायला! तेव्हा साहेबाचं राज्य जोरात होतं, पण अण्णांनी अध्यक्षाचं कलम लिहून ठेवलं होतं. अध्यक्ष याच देशात जन्मलेला हवा; दाखला नसेल, तर जन्म पाहिलेला साक्षीदार हवा. परमुलखात असा काहीसा नियम आहे, हे त्यांनी कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं होतं. बार्शीचा अडत्या पात्र, माढ्याची भाजीवालीसुद्धा पात्र.

"अण्णा, हे म्हणजे बाजारात तुरी!" मी चिडवायचो.

"बाजारात न्हाईत, पर पेरल्यात की!"

एकदा मात्र घोळ झाला. वळसंगच्या भीमण्णाच्या विहिरीच्या अर्जाला अण्णांनी चुकून तो कलमाचा कागद टाचला. त्याखाली त्यांच्याच वळणदार अक्षरात शेरा होता, 'सध्याचे साहेब अपात्र.' अर्ज गेला थेट गोऱ्या साहेबापुढं. बोलावणं आलं. माफी लिहून द्या, नाहीतर अर्जनविशीचा परवाना रद्द.

मी सोबत गेलो. अण्णा ताठ उभे होते.

"सायेब, चूक टाचणीची हाय. कलमाची न्हाय."

साहेबाला मराठी उत्तम येई. त्यानं शांतपणे विचारलं, "तुमचा जन्म कुठला? साक्षीदार कोण?"

अण्णांनी खिशातून परवाना काढून टेबलावर ठेवला आणि माफीचा शब्दही न लिहिता बाहेर पडले.

लिंबाखाली भीमण्णा ओशाळा होऊन बसला होता. अण्णा त्याच्याशेजारी टेकले.

"म्या रेल्वेच्या डब्यात सापडल्यालं पोर. ठेसनावरच्या हमालानं वाढवलं. कुटं जल्मलो, कोन सांगनार? मीच अपात्र की."

बारा वर्षं शेजारी बसून मला हे ठाऊक नव्हतं. माझीच मला लाज वाटली.

"मग कलम बदला," मी म्हणालो.

"सोताच्या सोयीनं? मग त्या सायबात नि माज्यात फरक काय?"

जगाचे अर्ज लिहिणाऱ्या या माणसाचा अर्ज कुणीच कधी लिहिला नव्हता. मी कोरा कागद ओढला. विषय, अध्यक्षपद. अर्जदार, सिद्राम. जन्मगाव... तिथं माझा टाक अडला.

"वळसंग लिवा," भीमण्णा म्हणाला. "आमच्या घराम्होरं जल्मले. मी पायलंय की!"

"आरं, माज्यापरीस ईस वर्सांनी धाकला तू!"

"असंन. पर पायलंय," म्हणत भीमण्णानं अंगठा पुढं केला.

उभ्या जन्मात एकही खोटी साक्ष न लिहिलेल्या अण्णांनी शाईची गादी हळूच त्याच्याकडं सरकवली.