बबनरावांचं मापटं

आमच्या धायरीच्या सोसायटीत लघवीला जाऊन आल्यावर किती झाली ते चारचौघांत सांगणारा एकच माणूस आहे, बबनराव. मीटिंग चालू असताना ते उठून जातात, परत येऊन बसताना "दोनशे धा" म्हणतात, आणि लिफ्टवरून पेटलेलं भांडण दोन मिनिटं थंड होतं.

बबनराव पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी मोजण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही आणि माणूस वैतागला. त्यातच लघवीची तक्रार घेऊन ते दवाखान्यात गेले, तर तिथे नेमकं उतारवयातल्या पुरुषांच्या मूत्राशयावर संशोधन चाललेलं. डॉक्टरबाईंनी एक मापटं आणि तक्ता दिला. तीन दिवस लिहा म्हणाल्या. बबनरावांनी वही घालून अडीच महिने लिहिलं.

"तीन दिवसांत काय कळतंय? पाण्याचा सभाव कळायला हंगाम लागतो."

मी एकदा म्हटलं, "अहो, निदान लग्नाच्या हॉलवर तरी ते मापटं आणू नका."

"का? तुमी जात न्हाई का?"

आम्ही त्यांना भरपूर हसलो, आणि मग आमच्यातलेच दोघे गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले. त्यातला एक मी.

एका बाबतीत मात्र बबनराव तोंड उघडत नसत. लेकीनं हिंजवडीत घर घेतलं, नात रांगायला लागली, तरी त्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, ते घर पाहिलं नव्हतं. लेक बोलावून बोलावून रुसली होती. विचारलं की बबनराव एवढंच म्हणत, "तिचं गुडघं." आणि काकू तर तीन जिने चढून गच्चीवर पापड वाळत घालत.

वही द्यायला मीच बबनरावांना गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई पानं उलटता उलटता थांबल्या.

"काका, हे डावा कालवा, उजवा कालवा काय आहे?"

"खात्याची सवय हाय."

"उजव्यात एवढी घाई? शिंकल्यावरसुद्धा गळती? हे तुमचं नाही."

बबनरावांचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "ती आमची मंडळी. ती मापून सांगती, मी लिवतो. वाटंत धरवलं न्हाई तर, म्हणून गाडीतच बसत न्हाई. इथं यायची लाज वाटती तिला. म्हणलं, माझ्याबरूबर तिचंबी बघून घ्यावं."

"या अभ्यासात फक्त पुरुष आहेत, काका. हे मला धरता येणार नाही."

बबनरावांचा चेहरा पडला. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

"पण यावर उपाय आहेत," बाई म्हणाल्या. "व्यायाम आहेत, औषधं आहेत. गुरुवारी काकूंना आणा. मी स्वतः बघते."

काकूंची समजूत काढण्यात दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी त्या गेल्या, आणि मग जातच राहिल्या.

परवाच्या रविवारी दोघं माझ्या दारात. काकूंच्या अंगावर नवी साडी, हातात लाडवांचा डबा. हिंजवडीला निघालो. हिंजवडीच्या थोडं अलीकडे गाड्यांची रांग लागली आणि आम्ही तासभर अडकलो. बबनराव दर पाच मिनिटांनी विचारायचे, "थांबायचं का?" वाटेतली झाडून सगळी स्वच्छतागृहं ते आधी स्कूटरवरून बघून आले होते.

शेवटी काकू म्हणाल्या, "मला न्हाई थांबायचं. तुमाला थांबायचं आसंल तर सांगा."

बबनरावांना थांबायचं होतं. आरशात मला दिसत होतं, पायावर पाय घट्ट दाबून बसले होते. पण लेकीच्या दारापर्यंत ते काही बोलले नाहीत.