लीलाबाईच्या गवताचा तुरा

"औंदा पहिला नंबर आपलाच! पेपरात नाव येणार म्हंजे येणार!" लालासाहेबांनी शेजारच्या दादासोला ठणकावून सांगितलं.

नंबर उसाचा नव्हता. गवताचा होता! कराडच्या बागप्रेमींची स्पर्धा होती. बायकोनं, लीलाबाईंनी, पुण्याहून शोभेचं गवत आणून कुंपणाला लावलं, तेव्हा लालासाहेब पोट धरून हसले होते. "जन्मभर आमी गवात उपटलं, आन् तू लावतीस व्हय?" गेल्या वर्षी तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, पण पेपरात नाव फक्त पहिल्या नंबराचं छापलं. ती तेवढ्यानं हिरमुसली. आणि उन्हाळ्यात देवाघरी गेलीच.

यंदा अर्जावर लालासाहेबांनी नाव लिहिलं, लीलाबाई.

मग गवताला उसासारखा युरियाचा डोस दिला. गवत पुरुषभर वाढलं आणि वरातीत पिऊन आलेल्या पाहुण्यासारखं आडवं झालं! लेक संयोगिता फोनवर ओरडली, "आबा, त्याला खत नको असतं! उपाशी ठेवा!" लालासाहेबांनी एकेक बेट सुतळीनं बांधून उभं केलं, पाणी तोडलं. दिवाळीनंतर असे पांढरेशुभ्र तुरे आले की रस्त्यानं जाणारी एसटीसुद्धा हळू व्हायची!

परीक्षक यायच्या दिवशी लालासाहेब दाढी करायला गेले. "दादासो, ध्यान ठेव रं. शेरडं शिरू दिऊ नगंस."

तासाभरानं येऊन बघतात, तर कुंपणावर एक तुरा नाही!

"दादासो! शेरडं शिरली का रं?"

"छ्या! मी असताना? मीच कापलं की!" विळा पुशीत दादासो म्हणाला. "आवं, तुरा आला हुता! उसाला तुरा आला की वजन घटतंय. तुमाला एवडं कळंना व्हय?"

"आरं गड्या, तुऱ्यासाठीच लावलंय ते!"

"तुऱ्यासाठी?" दादासोचा चेहरा उतरला. "पर मी वाया न्हाई घालवलं. ह्ये बघा, वैनीच्या गवताच्या केरसुण्या! धा झाल्या."

ओसरीवर दहा केरसुण्या ओळीनं उभ्या होत्या. लालासाहेबांनी त्यातलीच एक उचलली आणि दादासोच्या मागं लागले. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला फाटकात परीक्षकांची गाडी!

चष्मेवाल्या बाई कुंपणाकडं न बघता थेट ओसरीवर गेल्या. "अगंबाई! काय सुरेख बांधणी! आमच्या स्पर्धेत सुक्या फुलांच्या विभागात असं कुणी केलंच नाही!"

लालासाहेबांनी हातातली केरसुणी हळूच ओळीत ठेवली. दादासो खांबामागून म्हणाला, "व्हय, व्हय, मुद्दामच केलंय!"

पहिला नंबर! कराडला बक्षीस समारंभात नाव पुकारलं, तेव्हा लालासाहेब छाती काढून उठले. बक्षीस घेताना मिशीला पीळ द्यायलाही विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. फेटा, गलमिश्या, हातात केरसुणी. खाली छापलं होतं, 'पहिले पारितोषिक स्वीकारताना सौ. लीलाबाई.'

गाव दोन दिवस हसत होतं. "पेपरवाल्यास्नी फोन करा की, चूक सुदारत्याल," दादासो म्हणाला.

"कसली चूक?" लालासाहेब गुरगुरले. "नाव बरोबर हाय! फोटोचं काय घिऊन बसलायस?"

आणि त्यांनी पेपराच्या आणखी पाच प्रती आणायला त्यालाच पिटाळलं.